पाणी कोणत्या वारी आलं

मोजून लिहायची सवय मला कधीच नव्हती. सोलापुरातल्या एका दैनिकात वीस वर्षं बातमीदारी केली, त्यातली एकोणीस मी नुसत्या नजरेच्या अंदाजावर काढली. सभेला माणसं किती आली? मैदानाच्या कोपऱ्यात उभं राहायचं, एकदा डावीकडं बघायचं, एकदा उजवीकडं, आणि आयोजकांचा चहा किती गोड आहे त्यावरून आकडा ठरवायचा. माझ्या बातम्यांतली माणसं खरोखर त्या मैदानात आली असती, तर त्यांना एकमेकांच्या खांद्यावर चार मजले उभं राहावं लागलं असतं, आणि वरच्या मजल्यावरच्यांना तिथून पार लांबच्या वैराग गावचा बाजार दिसला असता. संपादकांना हे पाठ होतं. मी लिहिलेला आकडा ते न वाचताच निम्मा करायचे. ते कळल्यावर मी आधीच दुप्पट लिहायला लागलो. ते त्यांना कळल्यावर त्यांनी चौथाई करायला सुरुवात केली. अशा ओढाताणीत आम्ही दोघं मिळून कधीकधी चुकून खऱ्याच्या जवळपास पोचायचो.

विसाव्या वर्षी मालकांच्या मनात आलं की आता बातम्या डेटावर लिहायच्या. ऑफिसच्या वरच्या हॉलमध्ये दोन दिवसांचा वर्ग लावला आणि शिकवायला पुण्याहून एक मुलगी आली. माझ्या भाचीएवढी असेल. आम्ही सगळे तिला मॅडम म्हणायचो आणि ती आम्हा सगळ्यांना सर म्हणायची, त्यामुळं वर्गात नेमकं कोण शिकतंय हे बाहेरून कळलं नसतं. तिनं भिंतीवर रकान्यांचा कागद उजळला. आडव्या ओळी, उभे रकाने. मग तिनं फिल्टर दाखवला. एक बटण दाबलं की नको ते सगळं गायब, हवं तेवढं समोर! माझा जबडा असा उघडा पडला की शेजारच्या क्रीडा बातमीदारानं त्यात चेंडू ठेवायचा का म्हणून विचारलं. आयुष्यभर मी हेच करत होतो की, फक्त बटण नव्हतं.

मॅडमनी अजून एक गोष्ट सांगितली होती. "सर, आकडा कुणी लिहिला, केव्हा लिहिला, कसा लिहिला, याचा एक वेगळा रकाना ठेवा. तो सगळ्यात आधी भरा." मी ते वहीत उतरवून घेतलं आणि त्याच्याखाली कडक भाकरीचं चित्र काढलं. जेवणाची वेळ झाली होती.

त्यानंतर मला घरी बसवेना आणि ऑफिसात टिकवेना. जे दिसेल ते मोजायचं. घरापासून ऑफिसपर्यंतचे गतिरोधक मोजले, त्यातले गाडी चालवताना मोजायचे राहिलेले माझ्या कमरेनं मोजले. शेंगाचटणीत लसूण किती, बायको दिवसातून किती वेळा नुसतं "हं" म्हणते, सगळ्याचं शीट. बायको म्हणाली, "अहो, त्या फोनमध्ये मलाबी एक रकाना करा. नवरा घरात असूनही नसलेले दिवस."

आणि तिच्याच मागं भिंतीवर मला माझी बातमी टांगलेली दिसली. कॅलेंडर!

आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येतं, त्या दिवसाच्या चौकोनात घरची बाई खूण करते, म्हणजे पुढचं कधी येईल त्याचा हिशोब लागतो. दुधाचा खाडा, गॅसची टाकी, कुणाचं बारसं आणि पाणी, सगळं त्याच चौकोनात. आमच्या घरी पाण्याला गोलात 'पा'. ही खूण गल्लीतल्या प्रत्येक घरात असणार. महिन्यामागून महिने पाण्याची नोंद भिंती-भिंतीवर लटकलेली, आणि एवढ्या वर्षांत एकाही पत्रकाराला ती दिसली नाही! मला वाटलं, पुण्याच्या मॅडम आता माझ्याकडं शिकायला येतील.

आमची गल्ली विणकरांची. तिला पाठ लावून मागची गल्ली, तिथं चादरींचे व्यापारी, टेम्पोवाले, बहुतेक घरं मुसलमानांची. दोन्ही गल्ल्यांतल्या घराघरांत जाऊन मी कॅलेंडरांचे फोटो काढायला लागलो. बायका कॅलेंडर हातात देईनात, कारण त्यावर भिशीपासून भांडणापर्यंत सगळं होतं. मागच्या गल्लीच्या तोंडाशी एक खाला राहायच्या. माझ्या आईच्या वयाच्या, त्या गल्लीच्या न निवडलेल्या अध्यक्ष. त्यांनी मला तिसऱ्यांदा दारात पाहिलं आणि म्हणाल्या, "फिर आया क्या रे बाबा? कित्ते फोटू निकालता? क्यालेंडर की शादी लगानी क्या तेरेकू?"

"बातमी करायची आहे, खाला."

"कर, कर. पन पाना पलटाते वक्त हात धोको लगा. पिछले टाइम मेरे शाबान महीने के पाने पे चटनी लगाया तूने."

त्यांच्या कॅलेंडरवर पाण्याला छोटासा पेला काढलेला असायचा. मी तो पेला टिपला, आमच्या गल्लीतला 'पा' टिपला, कुठं फुली, कुठं टिकली चिकटवलेली, तेही टिपलं. आठवडाभर दोन बोटांनी टाइप करून सगळं शीटमध्ये भरलं. तेवढ्यानं माझी ती दोन बोटं इतकी झिजली की आधारच्या मशीननं मला ओळखलं नसतं.

मग मी दोन्ही गल्ल्यांचे रकाने शेजारी लावले आणि खुर्चीतून उठलो. आमच्या गल्लीला शनिवारी पाणी, तर मागच्या गल्लीला रविवारी. आमच्याकडं बुधवारी, त्यांच्याकडं गुरुवारी. एकदा नाही, दोनदा नाही, महिनोन्‌महिने. मागची गल्ली प्रत्येक वेळी एक दिवस मागं. मध्येच काही थोडे दिवस असे होते, की दोन्ही गल्ल्यांची तारीख एकच. त्यांनी माझा तक्ता विस्कटत होता. मी फिल्टर लावला. गेले.

दोन्ही गल्ल्यांच्या पाण्याची चावी एकाच माणसाच्या हातात होती. चावीवाला म्हणजे ज्याच्याकडं लोखंडी लांब दांड्याची किल्ली असते, जो रस्त्यातल्या खड्ड्यात ती घालून नळाचा व्हॉल्व्ह उघडतो. मी बातमी लिहिली, 'एका गल्लीला आज, दुसरीला उद्या!' त्यात चावीवाल्याची मर्जी आली, मागच्या गल्लीवरचा अन्याय आला. फिल्टरनं घालवलेल्या दिवसांचंही मी एक वाक्य केलं: त्या दिवशी वरिष्ठांची पाहणी असावी, अशी परिसरात चर्चा आहे. ही चर्चा मी एकट्यानंच केली होती, पण पुष्कळ केली होती.

गुरुवारी सकाळी संपादकांनी बातमी वाचली. मी सवयीनं त्यांच्या लाल पेनाकडं बघत होतो. पेन हलला नाही.

"हे तक्त्यातनं आलंय?"

"हो."

"म्हणजे निम्मं करायची सोय नाही."

"नाही."

त्यांनी चष्मा काढला. "दोन गल्ल्या कोणाकोणाच्या, हे आपण लिहिलेलं नाही. पण वाचणाऱ्याला कळेल."

"न लिहिताच कळेल," मी म्हणालो, आणि म्हणताना जीभ कुठंतरी ठेचकाळली.

"उद्या पहिलं पान," ते म्हणाले. "चावीवाल्याची बाजू तेवढी घे. नऊला पान सोडायचंय."

वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या आकड्याला कुणी हात लावला नव्हता. मी उड्या मारायला हव्या होत्या. त्याऐवजी मी बातमी उभ्याउभ्या पुन्हा पहिल्यापासून वाचली.

चावीवाला दुपारी चहाच्या टपरीवर सापडला. किल्ली सायकलच्या दांडीला बांधलेली, पायजम्याची एक बाजू ओली. मी त्याला फोनवर तक्ता दाखवला आणि त्याच्यावरचा आरोप वाचून दाखवला. त्यानं बशीतला चहा फुंकून प्याला, बशी खाली ठेवली.

"आवो सायेब, त्या दोन चाव्या शेजारी-शेजारी हायत. मदी माजी चप्पल ठिवायबी जागा न्हाय. ही फिरवली की ती फिरवतो. तंबाकू मळंपर्यंत दोनी गल्ल्यांत पानी."

"मग हा एक दिवसाचा फरक?"

"मला काय ठावं? तुमीच काडलाय की."

"आकडे समोर आहेत तुमच्या."

"आकडं गप हायत वो. बोलाय लागलाय ते तुमी." मग तो ओल्या पायजम्याचं टोक पिळत म्हणाला, "रोजंदारीवर हाय मी. कायम करायची फाईल वर गेलीया. किती वर्सांनी गेलीया, ते इचारू नका. तुमची बातमी तिच्या मागनं जाईल, आन तिच्यावर बसंल. माजं जाऊ द्या. त्या मागच्या गल्लीतली पोरं उद्या मला इचारतील, आमाला उद्या आन त्यांला आज, का रं? त्यांला मी काय दावू? हा तक्ता?"

त्याच्या बाजूचं एक वाक्य मी वहीत लिहिलं: 'आरोपाचा इन्कार.' नऊच्या आत करायचं माझं काम दुपारीच संपलं होतं. तरी मी टपरीपासून चौकापर्यंत गेलो, चौकातून परत आलो, पुन्हा गेलो. त्या दुपारी मी इतक्या चकरा मारल्या की सरळ चाललो असतो तर अक्कलकोटला जाऊन कन्नडमध्ये पत्ता विचारत बसलो असतो. शेवटी घरी गेलो.

बायको शेंगा फोडत बसली होती. मी कॅलेंडरपुढं उभा राहिलो. एक तारीख अशी हवी होती, जिला मी स्वतः साक्षीला होतो. आणि ती मिळाली. जेऊरला मावशीच्या नातवाच्या बारशाला गेलो होतो. परतीची गाडी अर्ध्या रात्रीनंतरची, घरी पोचलो तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते आणि नळ वाहत होता. प्रवासाच्या कपड्यांतच मी ड्रम भरला होता. फोनमध्ये तिकीट होतं. तिकिटावर रविवार. कॅलेंडरवर 'पा' शनिवारच्या चौकोनात.

"अगं, हे चुकीच्या दिवशी लिहिलंयस तू."

"कुठलं?"

"जेऊरहून आलो तेव्हाचं. रविवारी आलं होतं पाणी."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी ड्रममध्ये पडून आलोय. "उजाडायच्या आधी आलं ना? मग ते शनिवारचंच की."

"पण बारा वाजून गेले होते!"

"बारा काय दुपारीबी वाजतात. उजाडल्याबिगर वार बदलतोय व्हय? अख्ख्या गल्लीत विचारून या."

शेंगांची टोपली तशीच राहिली आणि मी पायऱ्या उतरलो. एका पायात माझी चप्पल होती, दुसऱ्यात बायकोची, हे मला दोन घरं पुढं गेल्यावर कळलं. चार घरांत विचारलं. चारही घरांतून मला तेच उत्तर मिळालं, आणि दोन घरांतून बायकोच्या चपलेवर हसणंही. आमच्या गल्लीचा दिवस उजाडल्यावर सुरू होत होता. म्हणजे आमच्याकडचं शनिवारचं पाणी घड्याळाच्या रविवारचं होतं. मग मागच्या गल्लीचं रविवारचं पाणी कुठल्या रविवारचं?

खाला दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. दिवस मावळत होता. मला बघून त्यांनी हात जोडले. "आ गया. अब क्या रह गया, मेरा राशन कार्ड?"

"खाला, एकच विचारतो. रात्री तीनला पाणी आलं, तर पेला कुठल्या चौकोनात काढता?"

"जिस दिन आया उस दिन के घर में. और कां?"

"पण रात्री तीनला दिवस कुठला असतो?"

खालांना हा प्रश्न इतका खुळचट वाटला की त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. तेवढ्यात मशिदीतून अजान झाली. त्यांनी पदर डोक्यावरून नीट घेतला, उठल्या, भिंतीपाशी गेल्या. कॅलेंडरला दोऱ्यानं पेन्सिल बांधलेली होती. त्यांनी गुरुवारच्या चौकोनावर तिरकी रेघ ओढली. गुरुवार संपला. बाहेर अजून उजेड होता, समोरच्या टेम्पोचा नंबर वाचता येत होता, आणि गुरुवार संपला.

"ले," खाला म्हणाल्या, "जुम्मा लग गया. अब पानी आया तो कल के घर में. मगरिब के बाद दूसरा दिन लगता ना रे. तेरेकू नै मालूम?"

मला काहीच मालूम नव्हतं. रोज संध्याकाळी मी त्या अजानवर घड्याळ लावत आलो होतो, आणि भिंतीपलीकडं त्याच वेळी वार बदलतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं. एकच पाणी, एकच किल्ली, रात्रीचे तेच तीन. आमच्या गल्लीत ते मावळलेल्या दिवसाचं, मागच्या गल्लीत येणाऱ्या दिवसाचं.

"आणि हे दिवस?" मी फिल्टरनं घालवलेल्या तारखा परत आणून त्यांच्यापुढं धरल्या. या तारखांना दोन्ही गल्ल्यांची खूण एकाच चौकोनात होती.

खालांनी चष्मा चढवला. "ये? ये तो दोपहर कू आया था. रात कू लाइट नै थी, मोटर बंद. मैं नहाको बैठी थी तो बाल्टी लेको भागी. याद है मेरेकू."

दुपारी कुणाचाच वार बदलत नाही. म्हणून तारखा जुळल्या होत्या. जे दिवस मला खरं सांगत होते, नेमके तेच मी बटण दाबून हाकलले होते आणि त्यांच्या नावावर वरिष्ठांची पाहणी खपवली होती. मी भिंतीला टेकलो.

"पानी पिता क्या?" खाला म्हणाल्या. "कल का है. नै, परसों का. तेरे हिसाब से कौन सा, तू देख ले."

ऑफिसात पोचलो तेव्हा आठ वाजून गेले होते. पान लागलेलं होतं. पडद्यावर माझं नाव, माझा तक्ता आणि उद्गारचिन्ह, जे संपादक एरवी ठेवत नाहीत.

"काढा ती," मी म्हणालो.

"चावीवाल्यानं दम दिला?"

"त्यानं चहा पाजला. बातमी चुकलीय." मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. उजाडणं, मगरिब, जेऊरचं तिकीट, दुपारची मोटर. सांगताना मी पुढं-मागं फिरत होतो आणि संपादकांची मान टेनिसच्या सामन्यासारखी फिरत होती.

"पण फरक तर आहे ना तक्त्यात?" ते म्हणाले. "महिनोन्‌महिन्यांचा?"

"फरक आहे. पण तो पाण्यात नाही. चौकोनात आहे."

"मग बातमी काय?"

"बातमी नाही."

वीस वर्षांत हे दोन शब्द मी त्या खोलीत उच्चारले नव्हते. संपादकांनी खुर्ची मागं सारली. "अरे, जे कधीच झालं नाही त्याच्यासुद्धा तू दोन-दोन कॉलम दिलेस मला! आणि आज, पहिलं पान लागल्यावर, तुला बातमी नाही?" ते भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून ओरडत होते, जणू घड्याळानंच हे केलं होतं. "एवढी रिकामी जागा मी कशानं भरू?"

"खरं तेच भरू. एकाच पाण्याला दोन गल्ल्यांत दोन वार कसे."

"ते पहिल्या पानाचं नाही. ते सहाव्या पानाचं आहे. आणि निम्मं."

सहाव्या पानावर, निम्मं करून, माझं नाव काढून ते छापलं. पहिल्या पानावरच्या त्या जागी एक जाहिरात आली, तीही निम्म्या दरानं, हे संपादकांनी मला त्या महिन्यात निदान शंभरदा ऐकवलं. खरं म्हणजे तीनदा. मी मोजलं.

पुण्याच्या मॅडमना फोन केला. त्या रागावतील म्हणून मी आधीच स्वतःला पुष्कळ शिव्या देऊन घेतल्या. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "सर, तो रकाना?" मी वही काढली. भाकरीचं चित्र चांगलं आलं होतं.

शनिवारी चावीवाला टपरीवर भेटला. सहावं पान त्यानं वाचलेलं नव्हतं. त्याला पहिल्या पानाची भीती होती, तेवढंच त्यानं बघितलं होतं.

"छापलं न्हाय?"

"नाही."

"कां?"

मी त्याला समजावून सांगितलं. उजाडल्यावर बदलणारा वार, मगरिबला बदलणारा वार, आणि तुमच्या ऑफिसच्या रजिस्टरात रात्री बाराला बदलणारा. तो खूप वेळ डोकं खाजवत ऐकत होता.

"बारावर कोन चालतंय?" तो म्हणाला. "मी रातच्याला दोनी चाव्या फिरवून घरला येतो, झोपतो, आन उठलो की दुसरा वार. सुट्टीच्या रोजी तर दुपारी उठतो. रजिस्टर मीच भरतो की वो."

मी तिथंच फोन काढून शीट उघडलं आणि सगळ्यात डावीकडं नवा रकाना घातला. कुणी लिहिलं, केव्हा लिहिलं, त्याचा वार कधी बदलतो. पहिल्या ओळीत बायको, दुसरीत खाला, तिसरीत हा. मग सगळ्या घरांना सांगत फिरलो की चौकोनात नुसती खूण नको, घड्याळाची वेळही लिहा. बायकोनं लिहिली. खाला म्हणाल्या, चौकोन छोटा है, तू बड़ा क्यालेंडर लाको दे. दिलं.

ते शीट अजून चालू आहे आणि त्यातून अजून एकही पहिलं पान निघालेलं नाही. संपादक अधूनमधून विचारतात, मी मान हलवतो आणि निघतो, कारण बसवत तर नाहीच. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसकडं काही काम निघालं की मी चावीवाल्याच्या फाईलची चौकशी करतो. "वर आहे," एवढंच उत्तर मिळतं. एकदा तिथल्या कारकुनानं दया येऊन ती फाईल मला लांबून दाखवली. जाड, दोरीनं बांधलेली, चार बोटं तरी असेल. मी लिहीत असतो तर वीतभर सांगितली असती. मी मान वाकडी करून तिच्या कडा बघितल्या. अर्ज होते, शिक्के होते, कसली कसली पत्रं होती. वर्तमानपत्राचं कात्रण मात्र एकही नव्हतं.